थिबा राजाचा सागवानी वाडा



शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आपले इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथली पांढर खणली आणि इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आली. त्यांत पाच खोल्यांचे एक घर आहे. शेजारी धान्याचे कोठार असल्याने ते गावच्या प्रमुखाचे असावे असे जाणकार मानतात. म्हणजे इनामगावचा तो राजवाडाच म्हणा! पण त्या वस्तीतल्या घरांचे लाकडी खांब केव्हाच कुजून गेले. राहिले ते खांबांचे गोल खड्डे. त्या खड्ड्यांवरून घर ओळखायचे.

लाकूड असे नाशवंत. म्हणून जिथे ते टिकले आहे, तिथे मुद्दाम जाऊन पाहावे. आज मी आपणांस अशाच एका वाड्यात नेणार आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीस जा. गावाबाहेरच्या उंचवट्यावर, भाट्याची खाडी आणि अरबी समुद्र जिथून नजरेत भरतो अशा जागी, एक तीन मजली वाडा उभा आहे. तो थिबा राजाचा वाडा. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा.

आता ब्रह्मदेशाचा राजा कोकणात कसा आला? ही सारी कथा सागवानाची आहे. ब्रह्मदेशाच्या जंगलांत उत्तम साग होता आणि तो तोडण्याचा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होता. कंपनीने जितके ओंडके नेले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असे म्हणून 1885 साली राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. राजा फ्रेंचांच्या कच्छपी लागेल ही भीती इंग्रजांना होतीच. त्यात हे निमित्त मिळाले. नोव्हेंबरात लढाई जुंपली आणि पंधरवड्याच्या आत मंडाले पडले. राजाला राणीसह बोटीत बसवले. 1886 साली तो रत्नागिरीस आला, तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस होते.

पहिली चोवीस वर्षे त्याने बंगल्यांत काढली. हा वाडा 1910 मध्ये राहता झाला. भिंती आपल्या कोकणी जांभ्याच्या आणि विटांच्या. पण आत पाऊल टाकले की साग भेटतो. ज्या लाकडापायी राज्य गेले, तेच लाकूड ब्रह्मदेशाहून येऊन राजाच्या डोक्यावर छत झाले. खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानींतले कोरीव काम अवश्य पाहा. आत संगमरवरी फरशीचे दालन आहे. राजा इथून दुर्बिणीने जहाजे न्याहाळीत असे, असे रत्नागिरीकर सांगतात.

समुद्राकाठी वाडा बांधण्याची हौस राजेलोकांना असतेच. सयामच्या, आजच्या थायलंडच्या, राजा वजिरावुधने 1924 साली चा-अम येथे समुद्राकाठी उन्हाळ्यासाठी सागवानी महाल बांधला. तो खांबांवर उभा आहे, आणि मुंग्या वर चढू नयेत म्हणून खांबांच्या पायाशी पाण्याची खाच ठेवली आहे. आपल्या घरी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ना, तसेच! दोन्ही वाडे सागाचे, दोन्हींना समुद्राचा वारा. पण वजिरावुध मनात येईल तेव्हा येई आणि मनात येईल तेव्हा जाई. थिबाला फाटकाबाहेर पडायचे तर इंग्रजांची परवानगी लागे. हे एवढे एक वगळले, तर मग राजवाड्यात आणि तुरुंगात फरक तो काय उरला?

आणि दैवाचा खेळ पाहा. ज्या रत्नागिरीत थिबाला कोंडले, त्याच रत्नागिरीत 1856 साली लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. 1908 साली इंग्रजांनी टिळकांना शिक्षा दिली आणि नेऊन ठेवले कुठे? थिबाच्या मंडालेस! तिथला तुरुंग किल्ल्याच्या आतच होता. टिळकांची कोठडी लाकडी फळ्यांची. ऊन, वारा, थंडी सरळ आत येई. मंडालेचा राजा 1910 साली रत्नागिरीच्या नव्या वाड्यात राहायला गेला, आणि त्याच हिवाळ्यात रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेच्या लाकडी कोठडीत बसून ‘गीतारहस्य’ लिहीत होता. टिळक 1914 मध्ये सुटले. थिबा मात्र सुटला नाही. डिसेंबर 1916 मध्ये तो रत्नागिरीसच वारला. त्याची समाधी तिथेच आहे. 2012 साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनास आले होते. थोरल्या राजकन्येच्या मुलीने तर रत्नागिरीतच संसार थाटला आणि ती मराठीच बोलू लागली.

मग मंडालेच्या मूळ लाकडी राजवाड्याचे काय झाले? 1945 साली महायुद्धाच्या धुमाळीत तो जळून खाक झाला. त्यातले एकच दालन वाचले. आपले वडील मिंडॉन ज्या दालनात वारले, ते थिबाने गादीवर असताना उकलून तटाबाहेर हलवले होते आणि तिथे भिक्षूंचा मठ केला होता. तो मठ आजही उभा आहे. राजाने स्वतःकडे ठेवले ते गेले. देऊन टाकले ते राहिले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. सहल गणपतीपुळ्यास नेलीत, तर थिबाच्या वाड्यासाठी तासभर राखून ठेवा. तिथे वस्तुसंग्रहालयही आहे. निघण्यापूर्वी वेळेची चौकशी मात्र करा. मुलांना खिडकीशी उभे करून समुद्र दाखवा आणि विचारा, “इतकी सुंदर जागा, इतका मोठा वाडा, मग राजा सुखी का नव्हता?” उत्तर आपण सांगू नका. मुले बरोबर सांगतील.