मुक्कामाचं रान

(शताब्दी मेळाव्यात दिंडीच्या वतीने केलेलं भाषण)



गेल्या शंभर वर्षांत विणा कोणाकोणाच्या गळ्यात होता, मृदंग कोणी वाजवला, पंगती कोणी घातल्या, हे या सोहळ्यात सगळ्यांनी ऐकलं. ते बोललंच पाहिजे. पण ज्यांच्या रानात आपण ही शंभर वर्षं रात्रीचं अंग टाकलं, त्यांची नावं आपल्या एकाही वहीत नाहीत. आज आम्हाला त्यांच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यांच्या रानात आपण कसं वागतो याविषयी.

आमच्या घरातली पोरं शनिवार-रविवार कासच्या बाजूला, नाहीतर बामणोलीला कोयनेच्या पाण्याकाठी तंबू घेऊन जातात. त्याला कॅम्पिंग म्हणतात. परत आली की आम्हालाच सांगतात, आबा, तुम्ही एकदा रानात राहून बघा. आम्ही हसतो. अरे, तुझ्या पणज्यानं घोंगडं अंथरून पंधरा पंधरा रात्री रानात काढल्या, त्याला काय म्हणायचं? कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. तिथं फुलांच्या दिवसांत रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा घातली, पायवाट आखून दिली. का घातली? तर फुलं बघायला आलेला माणूस फुलांवरच बसायला लागला. आपल्याला हसायला सोपं आहे. पण आपणही देव बघायला निघतो आणि वाटेत कुणाच्या तरी पेरलेल्या रानावर बसतो, एवढं ध्यानात घ्या.

आपली वाट सगळ्यांना पाठ आहे. कृष्णाकाठ सोडला की कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट, आटपाडी, दिघंची, मग महूद आणि पंढरी. जुनी माणसं सांगत, विटा सोडलं की नुसता माळ. कुसळं, मेंढरं आणि लांब कुठंतरी एक बाभळ. दिंडी कुठंही उतरावी, कुणाचं काय बिघडणार? जेवण पळसाच्या नाहीतर वडाच्या पत्रावळीवर, पाणी पितळी तांब्यातून, पिठलं-भाकरी दुरडीतून. सकाळी दिंडी हलली की मागं तीन दगडांची चूल आणि मूठभर राख. पत्रावळी शेळ्या खायच्या. आपले आजे फार शिस्तीचे होते म्हणून रान स्वच्छ राहायचं, असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याजवळ मागं टाकायला काही नव्हतंच. आज आपल्याबरोबर दोन ट्रक, पाण्याचा टँकर, जनरेटर, गॅसच्या टाक्या आणि पोत्यानं प्लॅस्टिक आहे. आपण चांगली माणसं आहोत हे खरं, पण सामान वाईट आहे.

दुसरं म्हणजे रान बदललं. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेलं. जिथं कुसळं होती तिथं डाळिंब आलं, द्राक्ष आलं. माळ मोकळा राहिला नाही. त्यात आषाढी येते ती ऐन पेरणीच्या दिवसांत. मृगाचा पाऊस झाला असेल तर बाजरी, मटकी, हुलगा पेरून झालेला असतो, नाहीतर वापसा बघून पाभर जुंपायच्या तयारीत माणूस बसलेला असतो. अशा वेळी तो चारशे माणसांना दोन एकर मोकळं ठेवून देतो. एक दिवस पेरणी लांबणं म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. सगळेच कुणबी आहोत.

गेल्या आषाढीची गोष्ट. आटपाडीच्या अलीकडे एका वस्तीवर मुक्काम ठरलेला होता. मालक वाटेवरच भेटले. पाया पडले, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, "महाराज, उतरा. नाही म्हणत नाही. फक्त सकाळी निघायच्या आधी माझ्याबरोबर रानातनं एक चक्कर मारा." का, म्हणून विचारलं. आधीच्या साली त्यांच्या रानात दुसरी कुठली तरी मंडळी उतरली होती. उरलेला भात आणि चपात्या बांधाला ओतून गेली. खिलार गाय दावं तोडून तिथं गेली, पोटभर खाल्लं, रात्रीत पोट फुगलं. डॉक्टर येईपर्यंत संपली. आपण म्हणतो जनावराच्या मुखी गेलं, पुण्य लागलं. शिजलेलं अन्न एकदम पोटात गेलं तर गाईच्या पोटात आंबतं आणि ती मरते. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्यांनी ओतलं त्यांनाही पुण्यच वाटलं असणार. ती मंडळी तोवर पुढच्या मुक्कामाला हरिपाठ म्हणत होती.

सकाळी आम्ही पाच-सहा जण त्यांच्याबरोबर फिरलो. आपण रान आवरलं होतं, तरी काय काय मिळालं म्हणता? तंबूच्या चार लोखंडी खुंट्या, तारेचे तुकडे, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, एक चष्मा. चष्म्याचा मालक पुढं सापडला, त्याचा आनंद निराळा. पण खुंटी मातीत राहिली तर ट्रॅक्टरचं टायर जातं, रोटाव्हेटरचं पातं जातं. तारेचा तुकडा वैरणीतून गाईच्या पोटात गेला तर पुढं काळजापर्यंत टोचतो. मालकांनी शेवटच्या सरीपर्यंत नेलं, मग हात जोडले आणि म्हणाले, पुढच्या साली या. ते 'या' ऐकून जीव भांड्यात पडला.

आपल्यातले बरेच जण माऊलींच्या सोहळ्यातही चालले आहेत. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, हे आपल्याच सातारा जिल्ह्यातले मुक्काम. त्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती सातारा तालुक्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. हरवलं-सापडलं पुकारतात, पुढचा मुक्काम सांगतात, आरती होते. आम्ही हे कितीदा पाहिलं, पण त्या सकाळी मनात आलं की या सगळ्यात एका माणसाच्या हातात टाळ नाही. ज्याच्या रानात हे सगळं चाललंय तो बांधावर हात जोडून उभा असतो. त्याची तक्रार असली तरी तो वाजवणार काय? वारकऱ्याला बोल कसा लावायचा म्हणून तो गप्प बसतो, आणि दोन वर्षांनी हळूच रानाला तारेचं कुंपण घालतो. कुंपण हाच त्याचा टाळ. तो वाजला की आपल्याला ऐकू येतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो. महूदपर्यंतच्या वाटेवर असे दोन मुक्काम गेल्या काही वर्षांत हलवावे लागले, हे जुन्या मंडळींना माहीत आहे.

आता थोडं नेमकं सांगतो, कारण 'स्वच्छता राखा' म्हणून उपयोग नाही. ते फलक आपणच खाली अंथरून बसतो.

डाळिंबाच्या बागेत पाऊल टाकायचं नाही. बागायतदार रागावतो ते फळासाठी नाही. मृग बहार धरलेला असतो, पाऊस चालू असतो, आणि तेल्या नावाचा रोग ओल्या झाडांतून पसरतो. पावसाच्या शिंतोड्यांनी जातो, कात्रीनं जातो, ओल्या झाडाला लागलेल्या हातानं, कपड्यानं जाऊ शकतो. आपण काल एका बागेत दोरी बांधून धोतर वाळत घातलं, आज दुसरीत बांधलं, तर आपणच रोग वाहून नेला असं होऊ शकतं. एका कुटुंबाचं वर्ष त्यात जातं. दातवणाला काडी मोडायची तीसुद्धा विचारून, तीही कडुनिंबाची.

शेततळ्याजवळ कुणी जायचं नाही, पोरांनी तर नाहीच. आत प्लॅस्टिकचा कागद असतो, शेवाळलेला. पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दरवर्षी महाराष्ट्रात कुठं ना कुठं शेततळ्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. आणि ते पाणी म्हणजे टेंभूहून डोंगर चढून आलेलं, मालकानं पट्टी भरून घेतलेलं पाणी. त्यात साबण लावून अंघोळ? अंघोळी टँकरच्या पाण्यावर, बादलीत, आणि सांडपाणी विहिरीपासून लांब.

शौचाचं बोलायला आम्हाला संकोच नाही. गाडगेबाबा कीर्तनाला यायचे ते आधी गाव झाडून, मगच तोंड उघडायचे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० साली त्या बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं. आपल्या वाटेवरच्या गावांनी त्यात रस्ते झाडले, हागणदाऱ्या बंद केल्या. त्या गावच्या शिवेवर आपण पहाटे काय करून जातो? इंग्रजांच्या अमदानीत यात्रेबरोबर पटकी गावोगाव जायची. जुन्या माणसांना पटकीची सुई आठवत असेल. अलीकडे 'निर्मल वारी'तून मोठ्या पालखी मार्गांवर फिरती शौचालयं आली, फार मोठं काम झालं. आपल्या आडवाटेला ती नेहमी मिळत नाहीत. तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम चर खणण्याचं, तंबू नंतर. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, आणि बायकांसाठी वेगळा, कनातीच्या आडोशानं. आपल्या आयाबहिणी अंधार पडेपर्यंत पाणी प्यायचं टाळतात आणि उन्हात चालतात. चक्कर येऊन पडल्या की आपण लिंबू-सरबत शोधतो. आधी आडोसा करा म्हणजे त्या पाणी पितील. चर निघताना मातीनं बुजवायचा, वर दगड ठेवायचा आणि मालकाला जागा दाखवायची.

पत्रावळ्या पानांच्याच. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली, तरी चकचकीत कागदाच्या येतातच, आणि अन्नदात्याला नाही म्हणवत नाही. त्याला महिनाभर आधी निरोप द्यायचा. ताट-वाटी-तांब्या पडशीत असेल तर सगळ्यात उत्तम. चूल कडब्याच्या गंजीच्या वाऱ्यावर मांडायची नाही. रात्री दहानंतर भोंगा बंद. माऊलींना कमी ऐकू येत नाही.

परवानगीचंही बदललं आहे. पूर्वी आजोबा ओट्यावर बसलेले असत, विचारलं की झालं. आता खानापूर-आटपाडीची निम्मी तरणी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी आटवायला, केरळ-तामिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत पांगलेली. घरात म्हातारी एकटी. ती 'उतरा की' म्हणते, कारण तिच्या सासऱ्यापासून चालत आलंय. पण रान वाट्यानं दुसऱ्यानं केलेलं असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. तेव्हा म्हातारीचा आशीर्वाद घ्यायचा, मुलाला फोन करायचा आणि वाटेकऱ्यालाही भेटायचं. तिघांचा होकार आला तरच मुक्काम पक्का.

ही माणसं आपल्यावर किती जीव लावतात ते २०२० आणि २०२१ ला कळलं. रोगामुळं पायी वारी बंद होती, संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्या दोन्ही साली मुक्कामाच्या दिवशी त्या त्या वस्तीवरून फोन आले. एका माऊलीनं विचारलं, रान तसंच मोकळं ठेवलंय, पेरू का? दिंडी येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं.

तेव्हा दिंडीच्या पंचांनी ठरवलं ते सांगतो. यंदापासून दिंडी हलल्यावर आठ माणसं मागं थांबतील, रोज वेगळी. खुंट्या प्रत्येक तंबूच्या पिशवीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणं मोजून घेतील. कोरडा कचरा पोत्यात भरून ट्रकमध्ये, उरलेलं अन्न खड्ड्यात, वर माती. मग मालकाला बरोबर घेऊन रान फिरून देतील, आणि मालक 'या' म्हणाले की पुढं चालू लागतील. त्या आठ जणांचं चालणं मागं पडेल, दुपारच्या भजनाला ते पोचणार नाहीत, हे मान्य. त्यांच्यासाठी विसाव्याला जेवण राखून ठेवायचं. एक नवी वहीही केली आहे. तिच्यात मुक्कामाचं गाव, मालकाचं आणि वाटेकऱ्याचं नाव, त्या साली रानात काय पेरलं होतं आणि मालक काय बोलले, एवढं लिहायचं.

आठ जणांच्या पाळीसाठी नावं द्यायची आहेत. यादी मंडपाच्या दारात, चपला ठेवतात तिथं लावली आहे. पहिलं नाव विणेकऱ्यांनी घातलंय, त्यांच्या पाळीच्या दिवशी विणा दुसऱ्यांच्या गळ्यात राहील. खाली जागा मोकळी आहे, पेन दोरीला बांधलंय.