मालकी कंपनीची, आयुष्य खेळणाऱ्यांचे

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप सारांश)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकावरील खेळाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे विषय सोडून हे काय, असेही कुणाच्या मनात आले असेल. परंतु श्रम कुणाचे, साधने कुणाची आणि फळ कुणाच्या पदरात, हे अर्थशास्त्राचे मूळ प्रश्न जिथे जिथे उपस्थित होतात, तिथे तिथे आपल्याला गेलेच पाहिजे. मग ते ठिकाण गिरणी असो वा खेळ.

मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे त्याचे नाव 'सिमसिटी ४'. अमेरिकेतील मॅक्सिस या संस्थेने तो तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने जानेवारी २००३ मध्ये बाजारात आणला. खेळणारा नगराध्यक्ष होतो, मोकळ्या जमिनीवर निवासी, व्यापारी व औद्योगिक विभाग आखतो, रस्ते, वीज, पाणी, शाळा यांची सोय करतो, कर बसवतो आणि नागरिक येतात की निघून जातात हे पाहतो. यात कुणी जिंकत नाही वा हरत नाही. केवळ शहर वाढते किंवा उजाड होते. सप्टेंबर २००३ मधील 'रश अवर' या पुरवणीनंतर कंपनीने त्यात मोठी भर घातली नाही. मॅक्सिसचे एमरीव्हिल येथील कार्यालय मार्च २०१५ मध्ये बंद झाले. आणि तरीही, वीस वर्षे उलटून गेल्यावर, तो खेळ आजही खेळला जातो. त्यात नवे रस्ते, नव्या इमारती, नवे नियम येतच आहेत. बाजाराच्या तर्काने जी वस्तू केव्हाच अडगळीत जायला हवी होती ती जिवंत आहे. हे कुणी केले? ते खेळणाऱ्यांनी केले, आणि तेही वेतनाशिवाय.

त्यांनी केलेल्या या फेरबदलांना 'मॉड' म्हणतात. त्यांचे महत्त्व कळायचे तर आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. असा खेळ म्हणजे समाजाविषयीचा एक सिद्धान्तच असतो. पहिला 'सिमसिटी' १९८९ मध्ये निघाला. त्याचे कर्ते विल राइट यांच्यावर जे फॉरेस्टर यांच्या १९६९ मधील 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथाचा प्रभाव होता. फॉरेस्टर हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभियंते. बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून त्यांनी शहराचे एक गणिती प्रतिमान रचले आणि असा निष्कर्ष काढला की, गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराची प्रकृती बिघडते. त्याऐवजी जुनी घरे पाडून उद्योगांना जागा द्यावी. हा निष्कर्ष यंत्राने दिला म्हणून तो शास्त्रीय, असे मानणारे अनेक होते. वस्तुतः यंत्राने तेच उत्तर दिले, जे गृहीतकांत आधीच घातलेले होते. राइट यांनी फॉरेस्टर यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलले असे मी म्हणत नाही. परंतु बंद पेटीत गृहीतके ठेवायची आणि बाहेर फक्त परिणाम दाखवायचा, ही रीत मात्र खेळात उतरली. कर वाढला तर धनिक पळतात, घर आणि दुकान एका विभागात नांदू शकत नाहीत, अशी विधाने खेळणारा निसर्गनियमांसारखी शिकत जातो. मॉड करणाऱ्यांनी ही पेटी उघडली, हे त्यांचे खरे कर्तृत्व आहे.

एक उदाहरण देतो. सिमसिटी ४ मध्ये नागरिकांचे गरीब, मध्यम व श्रीमंत असे तीन वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गातील किती जण सार्वजनिक वाहन पसंत करतील, किती जण मोटार, याची प्रमाणे ठरलेली आहेत. घरून कामावर जाणाऱ्या प्रत्येकाचा मार्ग आज्ञावली शोधते. २००३ मधील संगणक आजच्या मानाने मंद होते. त्यामुळे गणनेचा वेळ वाचावा म्हणून मार्ग शोधताना मुक्कामाच्या रोखाने सरळ जाणाऱ्या रस्त्याला झुकते माप दिले गेले. थोडा वळसा घालून पण लवकर पोचवणारा महामार्ग तिच्या हिशेबात मागे पडे. परिणाम असा की, नगराध्यक्षाने खर्च करून बांधलेला महामार्ग ओस राही, गल्लीबोळ तुंबून जात आणि 'प्रवासाला फार वेळ लागतो' असे कारण दाखवून लोक घरे सोडून जात. खेळणाऱ्याला वाटे, आपलेच नियोजन चुकले. खेळणाऱ्यांतील काही चिकित्सकांनी मात्र फायली उलगडून पाहिल्या, तेव्हा दोष नियोजनात नसून एका आकड्यात असल्याचे आढळले. सुदैवाने तो आकडा मूळ आज्ञावलीच्या बंदिस्त भागात नव्हता, बाहेरच्या एका फायलीत होता. तो त्यांनी बदलला, आणि लोक शहाण्यासारखे प्रवास करू लागले.

ही व अशी शेकडो कामे 'नेटवर्क ॲडऑन मॉड' या नावाखाली २००४ पासून एकत्र होत गेली. वर्तुळाकार चौक, रुंद रस्ते, ट्राममार्ग, तिरक्या दिशेने जाणारे रेल्वेमार्ग, उन्नत मार्ग हे सारे त्यात आले. डाव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या आपल्यासारख्या देशांतील खेळणाऱ्यांचीही सोय झाली. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. रस्त्यांची वाहनक्षमता किती धरावी, हे या मॉडमध्ये खेळणाऱ्याला स्वतः निवडता येते. म्हणजे जे गृहीतक लपलेले होते ते उघड्यावर आले आणि त्याविषयी मतभेदाला जागा झाली. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास योजनेच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद केली आहे. त्या तरतुदीमागचे तत्त्व हेच की, शहर ज्यांना भोगायचे त्यांना त्याची गृहीतके तपासता आली पाहिजेत. खेळात ते तत्त्व कायद्याने आले नाही. लोकांनी ते आपल्या हाताने आणले.

इमारतींची कथाही बोधप्रद आहे. मूळ खेळातील बहुतेक वास्तू पाश्चात्त्य, विशेषतः अमेरिकी वळणाच्या. खेळ निघाल्यावर मॅक्सिसने इमारती रचण्याचे व भूखंड सजवण्याचे साहित्य खुले केले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. त्यानंतर देशोदेशींच्या लोकांनी आपापल्या गावांतली घरे, स्थानके, कारखाने, देवालये रचून ती सर्वांना दिली. परंतु हे साहित्य ज्या 'जीमॅक्स' नावाच्या मोफत आज्ञावलीवर आधारलेले होते, तिचा विकास ऑटोडेस्क कंपनीने २००५ मध्ये थांबवला. पायाच काढून घेतल्यावर इमारत कोसळावी, तसे हे काम थांबायला हवे होते. ते थांबले नाही. लोकांनी जुन्या प्रती जपल्या, पर्यायी मार्ग शोधले, स्वतःची उपकरणे लिहिली.

आता थोडे अर्थशास्त्र. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले की, सामायिक कुरण सर्वांचे म्हणून कुणाचेच नसते. प्रत्येक जण जास्त गुरे सोडतो आणि कुरण नष्ट होते. म्हणून एक तर खासगी मालकी हवी, नाही तर सरकारी अंमल. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात जंगले, कुरणे, कालवे यांच्या प्रत्यक्ष अभ्यासातून दाखवून दिले की, लोक आपसांत नियम करून सामायिक संपत्ती पिढ्यान्पिढ्या सांभाळू शकतात. या कार्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉडची गोष्ट तर कुरणाहून सोपी. कारण एकाने इमारत वापरली म्हणून ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. तथापि नियमांवाचून येथेही भागत नाही. या खेळात प्रत्येक वस्तूला ओळख-क्रमांक असतो. दोन वस्तूंना एकच क्रमांक दिला गेला तर एक दुसरीला झाकून टाकते. म्हणून निर्मात्यांनी क्रमांकांचे पट्टे आपसांत वाटून घेतले, फायलींची नावे कशी ठेवावीत याचे संकेत केले, कोणत्या वस्तूला कोणती पूरक वस्तू लागते याच्या याद्या जोडल्या. कुणी अधिकारी नेमलेला नाही, दंड नाही. तरी व्यवस्था चालते.

पण हे चित्र केवळ गुलाबी नाही. ही व्यवस्था ठिसूळही आहे. एखादी इमारत दुसऱ्या कुणी केलेल्या झाडांवर, दिव्यांवर, फरसबंदीवर अवलंबून असते. ती पूरक फाईल मिळाली नाही तर शहरात त्या जागी नुसते तपकिरी खोके उभे राहते. काही निर्मात्यांनी 'माझे काम दुसऱ्या कुणी वाटू नये' अशी अट घातली आणि पुढे ते स्वतःच खेळापासून दूर गेले. त्यांनी जिथे काम ठेवले होते ती जागाही नाहीशी झाली. त्यांच्या पश्चात ते काम कायदेशीरपणे कुणाला वाटता येत नाही. म्हणजे ज्या खासगी मालकीच्या भावनेविरुद्ध आपण कंपनीकडे बोट दाखवतो, ती स्वयंसेवकांच्या मनातही वास करते आणि तिथेही ती तितकाच विनाश करते. नेटवर्क ॲडऑन मॉडच्या मंडळींनी आपल्या मूळ फायली खुल्या ठेवल्या, म्हणून आरंभीचे कार्यकर्ते गेले तरी नव्यांना काम पुढे नेता आले. वारशाची तरतूद नसलेला त्याग एका पिढीपुरताच उरतो, हा धडा आपल्या चळवळींनीही घ्यावा असा आहे.

मग कंपनीचे काय? तिला यातून विनाखर्च देखभाल मिळते. जुना खेळ आजही विकला जातो, आणि घेणाऱ्यांतले अनेक जण मॉडसाठीच तो घेतात. ही पिळवणूक आहे काय? मी घाईने तसे म्हणणार नाही. आनंदासाठी केलेल्या श्रमाला वेतनाच्या मापाने मोजणे हाही बाजाराचाच विजय ठरेल. परंतु ज्या श्रमांनी वस्तूचे मूल्य टिकते त्या श्रमिकांना वस्तूच्या भवितव्यावर कोणताही हक्क नसावा, हे न्याय्य नव्हे. हा हक्क नसला की काय होते, ते २०१३ मध्ये दिसले. त्या वर्षी मार्चमध्ये नवा 'सिमसिटी' आला, तो कंपनीच्या केंद्रीय संगणकांशी सतत जोडलेला असेल तरच चालणारा. पहिल्याच दिवसांत ते संगणक कोलमडले आणि पैसे मोजलेल्या लोकांना आपलेच शहर उघडता येईना. जोडणीवाचून खेळ चालणे शक्य नाही, असे सांगितले जात होते. पण एका खेळणाऱ्याने फेरबदल करून तो जोडणीवाचूनही चालतो हे दाखवून दिले. कंपनीने स्वतः तशी सोय केली ती मार्च २०१४ मध्ये. तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. याउलट मार्च २०१५ मध्ये फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या छोट्या संस्थेने 'सिटीज: स्कायलाइन्स' काढला, त्यात मॉडना पहिल्यापासून दार उघडे ठेवले आणि लोक तिकडे वळले.

म्हणून मला तीन मागण्या रास्त वाटतात. एक, खेळाच्या फायलींची रचना व साधने खुली असावीत. दोन, कंपनीने सेवा बंद केली तरी विकत घेतलेली वस्तू चालू राहील अशी सोय तिने करून द्यावी. तीन, व्यापारी उपयोग संपल्यावर मूळ आज्ञावली समाजाला द्यावी. हे स्वप्नरंजन नव्हे. १९८९ च्या 'सिमसिटी'ची आज्ञावली २००८ मध्ये 'मायक्रोपोलिस' या नावाने, मुक्त परवान्याखाली, गरीब देशांतील मुलांसाठीच्या स्वस्त संगणक योजनेच्या निमित्ताने खुली झाली. त्यामुळे कुणाचे दिवाळे निघाले नाही. दुसऱ्या मागणीसाठी युरोपात २०२४ मध्ये नागरिकांचा अर्ज सुरू झाला आणि जुलै २०२५ पर्यंत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सिमसिटी ४ वाचला, कारण तो विकत घेणाऱ्याच्या घरातील संगणकावर, कुणाच्या परवानगीवाचून चालत होता. आज निघणारे कित्येक खेळ तसे नाहीत. कंपनीने कळ दाबली की ते संपतात, आणि मग कितीही प्रेम व कौशल्य असले तरी दुरुस्त करायला हातात काही उरत नाही.

शहर आराखड्याने जन्मते, पण टिकते ते त्यात राहणाऱ्यांच्या डागडुजीने. ज्यांनी डागडुजी केली त्यांना शहरावर बोलण्याचा अधिकार आहे, हे आपण खऱ्या शहरांविषयी म्हणत आलो आहोत. कल्पनेतील शहरांविषयीही ते म्हणावे लागेल, कारण नगररचनेची पहिली अक्षरे अनेक तरुण आज तिथेच गिरवीत आहेत.