उमेदवारीतील मुले आणि आपण

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज सत्कार झालेल्या मुलांपैकी काही लवकरच शिरोली वा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत शिकाऊ म्हणून उभी राहतील. काही मुली मिरजेस परिचर्येचे शिक्षण घेतील. पूर्वी अशा शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. हल्ली त्या शब्दास निवडणुकीचाच वास येतो, ते असो. या मुलांच्या मनावरील भाराविषयी मला बोलावयाचे आहे.

अध्यापक विद्यालयात असताना माझा पहिला सराव पाठ होता. मार्गदर्शक मागे वही घेऊन बसले होते. त्यांची लेखणी हलली की माझी फळ्यावरील ओळ उताराला लागे. 'तयारी नाही' असा शेरा मिळाला. तयारी तर तीन रात्रींची होती! घरी वडिलांनी विचारले, "कसे चालले आहे?" मी म्हणालो, "बरे आहे." त्यानंतर आठ दिवस मला अन्न गोड लागले नाही. अखेर एका सहाध्यायाने मला इथल्या घाटावर बसवून तोच पाठ पुन्हा घ्यावयास लावला. स्वतः पाचवीतला मुलगा होऊन तो वेडेवाकडे प्रश्न विचारी. हसता हसता माझी भीती ओसरली.

कारखान्यात मुलगा चुकतो तो पुष्कळदा विचारण्याच्या लाजेने. न कळलेले रात्री वहीत टिपावे, सकाळी जाणत्या कारागिरास विचारावे. बरोबरीचा एखादा सोबती जोडावा. झोप मोडू नये.

'सोसल्यावाचून विद्या नाही' असे मीही वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. पण शिकण्याचा शीण झोपेने उतरतो. कामावर जाण्याच्या धास्तीने झोपच उडाली, तर तो शीण नव्हे. अशा वेळी मुलास गप्प बसवू नये. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ याखाली करार झालेला मुलगा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून त्यास जादा वेळ राबविता येत नाही. कराराविषयीचा तंटाही त्याच अधिकाऱ्यापुढे नेता येतो. करारपत्र घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा तरी वाचावे. लग्नाची याद्या-पत्रिका आपण किती बारकाईने वाचतो!

गेल्या महिन्यात माझा पुतण्या सुटीवर आला. "कसे चालले आहे?" असे न विचारता मी म्हणालो, "या आठवड्यात काय अडले?" प्रथम तो नुसता हसला. मग पानावरून उठलाच नाही. हात वाळेपर्यंत बोलत राहिला.