फुकट गोळी येते कुठल्या गाडीनं?

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



गेल्या निवडणुकीतली गोष्ट. सातपुड्यात आठवडे बाजाराच्या मैदानावर प्रचारसभा होती. उमेदवार भोंग्यावरून सांगत होते, औषधे स्वस्त केली, आता सगळी फुकट देऊ. माझ्या शेजारी एक पावरा बाप उभा होता. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. तो हळूच म्हणाला, "दादा, ही फुकट गोळी येते कुठल्या गाडीनं?"

मी हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही.

औषधांच्या किमतीवर मते मागितली जातात, यात मला काही वावगे वाटत नाही. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे मिळू लागली. २०१३ मध्ये ती योजना आणणाऱ्यांची सत्ता गेली, पण पुढच्या सरकारने योजना चालूच ठेवली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत बांधली. औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. भाषणांतून त्याचा खूप गाजावाजा झाला, पण लोकांचे पैसे खरेच वाचले. आपल्या महाराष्ट्रातही १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

आणि सिकलसेल? त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू केली. त्याच नोव्हेंबरात तिथे विधानसभेचे मतदान होते. म्हणून मोहीम खोटी, असे मी म्हणणार नाही. आमच्या पाड्यांवर रक्ततपासणी झाली, मुलांना कार्डे मिळाली. निवडणुकीमुळे का होईना, आदिवासींच्या आजाराचे नाव मोठ्या व्यासपीठावरून घेतले गेले.

अडते ते पुढे. या मुलाला हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज लागते. ती नियमित घेतली की अंग मोडून काढणाऱ्या वेदनांचे झटके कमी होतात. कागदावर ती फुकट आहे. पण आरोग्य केंद्रात साठा संपला की हाती चिठ्ठी येते, बाहेरून घ्या. तालुक्याचा दुकानदार ती ठेवत नाही. मागणारे चार लोक, तेही उधारीवाले. मग जिल्ह्याच्या गावी जायचे. पहाटे जीप, पुढे एसटी, दिवसाची मजुरी बुडाली, सोबत मूल असेल तर त्याचे खाणे. पाकिटावरची किंमत या खर्चापुढे काहीच नाही. म्हणून त्याची आई कॅप्सूल एक दिवसाआड देत होती, महिना पुरावा म्हणून. पावसाळ्यात झटका आला. पोराला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणले.

मार्काच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाने पिडलेली स्त्री आपण सगळे जाणतो. बारा वर्षांत जवळचे सगळे खर्चून तिचा आजार वाढलाच होता. त्या आईकडे पाहताना मला तिचीच आठवण झाली.

आता जरा अवघड बोलतो, राग मानू नका. तुमच्या दानातून आमचा औषधनिधी चालतो. त्यातून मी अशा कॅप्सूल कितीदा तरी आणून दिल्या आहेत. पोराचे दुखणे थांबले, पण केंद्राच्या वहीत त्या महिन्याचा तुटवडा कुणी लिहिलाच नाही. माणूस ओरडला नाही, मागणी वर गेली नाही. आपण सरकारची उणीव झाकली. प्रचाराला आलेल्यांना मी हे कधी विचारले नाही, कारण संस्था राजकारणात नको. खरे सांगायचे तर मला भीतीही वाटत होती.

आता आम्ही क्रम बदलला आहे. आधी केंद्रात जाऊन साठा नसल्याची लेखी नोंद मागायची, त्याची प्रत ग्रामसभेत वाचायची, आणि त्याच दिवशी निधीतून औषध आणायचे. मुलाला थांबवायचे नाही. कार्यकारिणीतल्या काहींना हे रुचलेले नाही. परिचारिकाबाईही नाराज आहेत, आणि त्यांची चूक तरी काय? त्यांच्याकडे येतच नाही तर त्या देणार कुठून?

मते मागायला येतील त्यांना कुठल्या पक्षाचे हे न विचारता ग्रामसभेने एवढेच विचारायचे ठरवले आहे : मागच्या बारा महिन्यांत ही कॅप्सूल आमच्या केंद्रात किती दिवस होती? प्रश्न त्या बापानेच सुचवला. विचारणारही तोच आहे.

या महिन्याचा साठा आला आहे. पुढच्या महिन्यासाठी निधीत पैसे बाजूला ठेवले आहेत.