स्मृतीचा पहिला तास
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे, साधे बी. ए. आहोत आणि सारी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत गेली. तरीही चिटणीसांची आज्ञा मोडवेना, म्हणून कुंभकोणमच्या या सभेत स्मृतीविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

१९४९ साली कार्ल डंकन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर एक प्रयोग केला. दिवा लागताच पेटीच्या दुसऱ्या भागात पळावे, नाहीतर पायांना चटका बसेल, हा धडा त्यांना रोज एकदा मिळे. मग त्यांच्या मेंदूतून आचके येण्याइतका विद्युत्प्रवाह सोडीत. कोणास वीस सेकंदांनी, कोणास पंधरा मिनिटांनी, कोणास तासाने वा त्याहून उशिरा. पंधरा मिनिटांच्या आत धक्का बसलेले उंदीर मागे पडले; तासाने वा नंतर बसलेले मात्र इतरांप्रमाणेच शिकले. ताजी आठवण कच्च्या मडक्यासारखी असते. पक्की होण्यास तिला अवधी लागतो.

१९६८ साली मिसानिन, मिलर व लुईस यांना याहून नवलाची गोष्ट आढळली. आदल्या दिवशीची आठवण खुणेने जागी करून लागलीच धक्का दिला, तर तीही डळमळली. न जागवता दिलेल्या धक्क्याने तसे झाले नाही. या विषयाचा कीस शास्त्रज्ञ अद्याप काढीत आहेत.

उंदरांवरून माणसांचा न्याय घाईने करू नये, हे खरे. परंतु आमच्या मातोश्री पहाटे ओव्या म्हणत. आम्ही त्या ऐकल्या; घोकल्या नाहीत, उतरूनही घेतल्या नाहीत. आज दोनच आठवतात. येथे विजेचा धक्का कोणी दिला नव्हता. आम्हीच त्या पुन्हा म्हटल्या नाहीत.

येथून जवळच तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. दगडाने तो सांभाळला. पण दगड बोलत नाही. भाषा बोलावी लागते ती घरातच.

आमची नात 'आजोबा' म्हणते आणि पुढचे वाक्य तमिळमध्ये पुरे करते. तमिळ तिला यावेच. ते या मातीचे ऋण आहे. मात्र उरलेल्या दोन ओव्या आम्ही तिला आता रोज रात्री म्हणावयास लावतो. काल एक तिने न चुकता म्हटली.