जमिनीपासून हातभर उंच
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



घराची मांडणी हा केवळ टापटिपीचा विषय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. पैसा असेल त्याने कपाटे घ्यावीत, नसेल त्याने आहे तसे चालवावे, असे म्हणून तो बाजूस सारला जातो. परंतु शहापूर-मुरबाडच्या मुलखात, जेथे मृगापासून हस्तापर्यंत पाऊस कोसळत असतो, तेथे घरातील वस्तू कोठे ठेवल्या आहेत यावर मुलांचे आरोग्य, आणि प्रसंगी त्यांचे प्राणही, अवलंबून असतात.

श्रावणातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. भाताचे पोते भिंतीला टेकलेले आहे, गोधड्यांची चवड जमिनीवर आहे, लाकूडफाटा पडवीत घराला लागून रचला आहे आणि मुलाचे दप्तर दाराआड पडले आहे. जमिनीची ओल गोधडीत चढते व पुस्तकांना बुरशी येते. पोत्याच्या आडोशाला उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. घरातील माणसे निजतात तीही जमिनीवरच. मण्यार हा रात्री हिंडणारा साप आहे. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे मुलाचे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, तेव्हा कोठे शंका येते. अशा वेळी मांत्रिकाकडे घटकाही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गाठावे. परंतु तो प्रसंगच येऊ नये, अशी तजवीज घरात करता येते.

तिचे सूत्र सोपे आहे. वस्तू जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर असावी.

हे सूत्र नवे नव्हे. कारवीच्या कुडाच्या घरातही शिंके होते, कणगी होती, माळा होता, कपड्यांची दांडी होती. पक्क्या भिंती आल्या, तशा या वस्तू घरातून गेल्या. मात्र त्यांची जागा दुसऱ्या कशानेही घेतली नाही. म्हणून वस्तू जमिनीवर उतरल्या.

साहित्य म्हणून बांबू पुरेसा आहे. तो शेताच्या बांधावरचा घ्यावा. तानसा अभयारण्याच्या हद्दीतून काहीही तोडू नये. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, हे शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बांबू दिवाळीनंतर, पावसाची ओल ओसरल्यावर तोडावा. जून बांबूच निवडावा व दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून सावलीत वाळवावा. असा बांबू भुंग्याला सहसा बळी पडत नाही.

पहिली वस्तू दांडी. बांबूच्या दोन्ही टोकांना पेर राहील असा तो कापावा, म्हणजे दोरी निसटत नाही. वाशांना दोन दोऱ्या बांधून तो टांगला की गोधड्या व कपडे वाऱ्यावर राहतात.

दुसरी वस्तू मांडणी. बांबूचे चार उभे खांब, त्यांना आडवे तुकडे आणि वर कामट्या बांधाव्यात. खिळ्याने बांबू चिरतो, म्हणून काथ्याच्या दोरीने आवळून बांधणे बरे. खालचा कप्पा हातभर उंच असावा, म्हणजे खाली झाडू फिरतो. जेथे झाडू फिरतो, तेथे सापाला आडोसा राहत नाही. सर्वांत वरचा कप्पा औषधांसाठी असावा. शेतात फवारायची औषधे मात्र तेथे नकोत. ती घराबाहेर, कुलपात व मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत. ती पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नयेत.

तिसरी गोष्ट धान्याची. पोते अथवा कणगी चार दगडांवर ठेवलेल्या फळ्यांवर असावी. तेलाच्या रिकाम्या डब्याला घट्ट झाकण असेल तर लागणारे धान्य त्यातच भरावे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी ही व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी. परत येईतो पाऊस दाराशी आलेला असतो.

चौथी वस्तू बांबूची खाट. सर्वांना खाट शक्य नसेल तर प्रथम मुलांना द्यावी. वर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. खोचलेली मच्छरदाणी डासांप्रमाणे सापालाही अडवते. लाकूडफाटा घरापासून दूर, दोन ओंडक्यांवर रचावा व रात्री तेथे हात घालू नये.

आता प्रश्न शाळेचा. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यात, परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. त्याच वाटेने चौथीच्या वर्गाला एक मांडणी करता येईल. बांबू मोजताना मीटर-सेंटिमीटर येतात, कप्पे आखताना भागाकार येतो, आणि कामट्या विणणारे आजोबा वर्गात एक दिवस गुरुजी होतात. धारदार कोयता मात्र मोठ्यांच्याच हाती असावा.

एका दिवसात घर बदलत नाही. दर शनिवारी एक वस्तू झाली तरी उन्हाळा संपण्यापूर्वी चारही होतील. सुरुवात दप्तराच्या खुंटीपासून करावी. आपली वस्तू आपल्या जागी टांगणारे मूल उद्या आईच्या गोधड्याही उचलून दांडीवर टाकील. आणि मृगाची पहिली सर येईल तेव्हा त्या घरातील जमीन मोकळी, कोरडी व डोळ्यांना स्वच्छ दिसणारी असेल.