तुटक कामाची वर्षे
(ट्रस्टच्या महोत्सव समारंभातील भाषण)



मी शिक्षक, तेव्हा शिष्यवृत्त्यांवर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. परंतु त्या शिष्यवृत्त्या घेणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया निपाणीत विडी वळतात. आज त्यांच्याविषयी बोलतो.

पाने, तंबाखू, दोरा ठेकेदाराकडून आणायचा, घरी विड्या वळायच्या, हजारावर मजुरी घ्यायची. अशी बाई आमची कामगारच नव्हे, असे मालक म्हणत. १९७७ साली विडी धंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला, आणि घरी वळणारीही कामगारच, असा निकाल १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. इतक्या झगड्यानंतर मिळालेली गोष्ट आपण कशी घालवतो, ते पाहा.

हे काम अखंड चालत नाही. ठेकेदार बदलतो, कारखाना बंद पडतो, बाळंतपण येते. मध्ये सहा-आठ महिने हाताला काम नसते. त्यात लेकीचे लग्न निघाले की अर्ज भरून फंडातील सगळी रक्कम उचलली जाते. वास्तविक त्या रकमेचे दोन भाग असतात. एक बचतीचा, दुसरा, मालकाच्या वर्गणीतून १९९५ च्या पेन्शन योजनेत गेलेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळण्यास दहा वर्षांची नोकरी लागते. ती सलग असावी लागत नाही, तुकडे जोडता येतात. मात्र ज्या तुकड्याचे पेन्शनचे पैसे उचलले, तो तुकडा हिशेबातून गेला. समजा, एखाद्या खालाने एके ठिकाणी सहा वर्षे काम करून सर्व रक्कम काढली आणि दुसरीकडे पाच वर्षे केली. बोटे अकरा वर्षे झिजली. कागदावर राहिली पाच!

विलायतेत कंत्राटी काम करणारा दोन कामांमधल्या काळाची विम्याची वर्गणी पदरचे पैसे भरून पुरी करू शकतो. आपल्या या योजनेत तशी सोय नाही. रिकामे महिने ते रिकामेच. निदान भरलेली वर्षे तरी मोडू नयेत. गरज पडली तर बचतीचा भाग घ्या. पेन्शनच्या भागाबद्दल मात्र पैसे न मागता ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागा, किंवा नवे काम लागताच जुने खाते नव्याला जोडून घ्या.

जोडताना अडते ते नावापाशी. आधारकार्डावर ‘बी’, फंडात ‘बेगम’, जन्मतारीख तिसरीच. (शाळेच्या दाखल्यांत आम्ही शिक्षकांनीही या घोळात थोडी भर घातली आहे.) ही दुरुस्ती काम चालू असतानाच करून घ्यावी, कारखाना बंद झाल्यावर सही कोणाची आणणार?

२०१४ पासून या पेन्शनची किमान रक्कम महिना हजार रुपये ठरली. हजारात घर चालत नाही, हे मला कळते. पण औषधासाठी सुनेपुढे हात पसरावा न लागणे, याची किंमत म्हातारीला विचारा.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. या महोत्सवाच्या निधीतून थोडी रक्कम बिनव्याजी कर्जासाठी बाजूला काढावी. काम सुटलेल्या बाईला ते पाच-सहा महिने निभावण्यापुरते मिळाले, तर ती पेन्शनला हात लावणार नाही. कमानी, रोषणाई थोडी कमी झाली तरी चालेल.

येत्या रविवारी सकाळी मी ट्रस्टच्या कचेरीत बसेन. भगिनींनी फंडाचे कागद, आधारकार्ड आणि जुन्या कारखान्याचे ओळखपत्र घेऊन यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलांना बरोबर आणावे. अर्ज मी त्यांच्याकडूनच लिहून घेईन.